बाबांच्या जागेवर सहा आठवडे

चिवुंगा आरोग्य केंद्र,
९ जून १९९६

चि. लुसुंगूस अनेक उत्तम आशीर्वाद.

गावातली न्याहारा आजी परवा ट्रकमधून सुखरूप उतरली. पायांची सूज ओसरलीय, आडवी होऊन झोपते आणि जीभ पहिल्यासारखी चालते. तुमच्या इस्पितळातल्या चादरींचं कौतुक सांगून झालं, मग जवळ सरकून म्हणाली, योताम, तुझी चिठ्ठी तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सगळ्या पोरांपुढे वाचून दाखवली रे. तिला तिकडे पाठवताना मी लिहिलं होतं तरी किती? हिचं हृदय दमलंय, बसून झोपते, हिला घाबरवू नका. पोरं खो खो हसली म्हणे. म्हणाली, तुझी लेकही तिथेच होती, खाली बघत होती. मी नंतर हाक मारली, तर तिनं ओळखच दिली नाही.

मी तिला म्हटलं, परीक्षा जवळ आली की पोरांना जन्मदातीही ओळखू येत नाही. रागावलेलो नाही मी. एकतीस वर्षांपूर्वी मेडिकल असिस्टंट झालो तेव्हा माझ्या लिहिण्याला गोरे साहेब हसायचे, आता आपलेच हसतात. देश पुढे गेला म्हणायचा! पण चिठ्ठीत काय चुकलं ते कळव. पुढच्या वेळी नीट लिहीन.

आई उसिपाची बारीक मासळी वाळवतेय, कोणाबरोबर तरी पाठवील. कामाच्या गर्दीत आमची आठवण असू दे.

तुझा,
बाबा

मुलींचं वसतिगृह,
२३ जून १९९६

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठीत काहीच चुकलं नव्हतं. दोन दिवस तपासण्या करून आम्ही कागदावर जे लांबलचक नाव लिहिलं, त्याचा अर्थ तेवढाच होता. आजीला मी ओळख दिली नाही, हे खरं आहे. प्रोफेसर नुकतेच म्हणाले होते, अभ्यास केला नाहीत तर तुम्हीही अशाच कुठल्या तरी टेकडीवर चिठ्ठ्या लिहीत बसाल. त्या क्षणी माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं नाही. तेव्हापासून अर्धं ताट तसंच ठेवून उठते.

बाबा, पाच वर्षांत आरोग्य केंद्रात एक दिवस तरी काम केलेला एकही शिक्षक मला भेटला नाही. इथे जिल्ह्याला जाणं ही नापासांची शिक्षा समजतात. आणि आता दुसरं सांगते. प्रोफेसरांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, तुझे हात शस्त्रक्रियेचे आहेत, इंटर्नशिपनंतर केपटाऊनला पाठवतो. मी हो म्हणाले. निघताना तुम्हाला दिलेला, चिवुंगाला परत येण्याचा शब्द आठवत होता, तरी हो म्हणाले.

आईला नमस्कार. मला क्षमा करा, आणि पत्र पाठवणं थांबवू नका.

आपली,
लुसुंगू

चिवुंगा,
११ जानेवारी १९९८

चि. लुसुंगूस अ. उ. आशीर्वाद.

दीड वर्ष मी शब्दाचा विषय काढला नाही, आजही काढत नाही. काम वेगळं आहे. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. गेल्या आठवड्यात बाटलीवरचा आकडा मी एक वाचला, एडना म्हणाली सात आहे. औषध अजून दिलं नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून सुई एडना भरते. पोरगी फक्त मदतनीस, पण नजर घारीची.

लिलाँग्वेला शस्त्रक्रियेची तारीख मिळालीय. एक डोळा, मग दुसरा, सहा आठवडे जातील. बदलीवर द्यायला जिल्ह्याकडे माणूस नाही. तुझी इंटर्नशिप या महिन्यात संपते, केपटाऊन एप्रिलमध्ये. मधले सहा आठवडे देशील का? बाप म्हणून मागत नाही. रजेवर जाणारा नोकर बदली मागतो, तसं मागतोय.

जमलं नाही तरी लोभ आहे तसाच राहील.

बाबा

चिवुंगा,
१५ फेब्रुवारी १९९८

ती. बाबांस आणि सौ. आईस सा. न. वि. वि.

डोळ्याची पट्टी सुटली का? मिशनच्या गाडीबरोबर घाईत लिहितेय.

तुमच्या खुर्चीवर बसून आठ दिवस झाले. एक पाय डुगडुगतो, हे सांगायला हवं होतंत. मीही तशीच डुगडुगतेय. आठवड्यात सात जणांना जिल्ह्याला पाठवलं, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्यांनी रेडिओवरून विचारलं, साथ आलीय की डॉक्टरीणबाई आल्यात? एका आजोबांची पाठ दुखत होती, त्यांना मी क्ष-किरण फोटो काढायला सांगितला. ते म्हणाले, पोरी, तुझा बाप हात लावून बघायचा, तू लांबूनच बघतेस. आता काहीजण दारापर्यंत येतात, तुम्ही नाही असं पाहून परत जातात. एडना सांगते, दुखणं जरा थांबवून धरतो म्हणतात, योताम येईपर्यंत.

हसू येतं आणि रडूही. मला शिकवलेलं सगळं यंत्रापासून सुरू होतं, आणि इथे कपाटात बारा औषधं आहेत.

जपून राहा, आम्हावर दृष्टी ठेवा. उरलेल्या डोळ्याने का होईना!

लुसुंगू

लिलाँग्वे,
२० फेब्रुवारी १९९८

चि. लुसुंगूस आशीर्वाद.

हे अक्षर तुझ्या आईचं आहे, शुद्धलेखनाच्या चुका तिच्या. (मी लिहितेय म्हणून काही बोलत नाही. — आई.)

पट्टी परवा सुटेल. शेजारच्या खाटेवरचा गृहस्थ रात्रंदिवस राजकारण बोलतो, म्हणून कानालाही पट्टी हवी होती. खुर्चीच्या पायाखाली पुठ्ठा घाल.

लोकांचं मनावर घेऊ नकोस. मला बघूनही पहिली दोन वर्षं परतच जायचे. एक मात्र ध्यानात ठेव. शंका आली की आधी औषध दे आणि मग पाठव. आपला रस्ता लांब आहे, पावसात आणखी लांब होतो. दुखणं गाडीची वाट बघत नाही.

आम्ही खुशाल. तू जेवत जा.

बाबा

चिवुंगा,
१ मार्च १९९८

ती. बाबांस सा. न.

तुमचं पत्र काल, शनिवारी मिळालं. तेम्वा मंगळवारी गेली.

न्याकुम्वेंडाची तेम्वा, चार वर्षांची. सकाळी दहाला तिला पाठीवर बांधून आणलं. ताप, उलट्या, मान लाकडासारखी ताठ. मेंदूज्वर आहे हे मी लगेच ओळखलं. पेनिसिलिन कपाटात होतं. एडनाने सुई भरायला घेतली आणि मीच तिला थांबवलं. आम्हाला शिकवलंय की आधी पाठीच्या कण्यातलं पाणी काढायचं, औषध आधी दिलं तर जंतू कुठला ते सापडत नाही. इथे त्याची सोय नाही, म्हणून सविस्तर चिठ्ठी लिहून तिला जिल्ह्याला पाठवायचं ठरवलं. या विषयात मी कॉलेजात पहिली आले होते.

गाडी दोनला आली. नाल्यावरच्या पुलावरून पाणी वाहत होतं. ते ओसरायची वाट बघता बघता, आईच्या मांडीवर.

न्याकुम्वेंडा तिला घेऊन परत इथेच आली. मला म्हणाली, डॉक्टर, तुम्ही तिला काही दिलंच नाही. ओरडली नाही, नुसतं सांगितलं. एडना माझ्याशी नीट बोलते, तेच सहन होत नाही.

मी काय करू, बाबा?

लुसुंगू

लिलाँग्वे,
८ मार्च १९९८

चि. लुसुंगूस,

आता एका डोळ्याने लख्ख दिसतं. तुझं पत्र मी स्वतः वाचलं. आईने वाचून दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तू चुकलीस. हे मीच सांगतो, कारण बाकी सगळे समजूत घालतील. सुई देऊनही पोर कदाचित गेली असती. अशी अर्धी जातात. पण ते ‘कदाचित’ तिच्या आईचं होतं, तिच्या हातात द्यायला हवं होतं.

आता माझं ऐक. सत्तर साली नुकताच विवाह झालेला एक तरुण पोटदुखीने आला. मी जंताचं औषध देऊन घरी पाठवला. आतडं फुटलं होतं त्याचं, त्यातच गेला. मला पोट नीट तपासायला कोणी शिकवलं नव्हतं, तुला टेकडीवर काम करायला कोणी शिकवलं नाही. पण हे कारण सांगून तो तरुण परत आला नाही. त्याच्या बापाच्या अंगणात मी तीन दिवस जाऊन बसलो. कोणी हाकललं नाही, कोणी पाणीही विचारलं नाही. तूही जा. काही समजावू नकोस, तोंडातून दुखण्याचं एकही मोठं नाव काढू नकोस. नुसती बस.

बाबा

जिल्हा इस्पितळ,
१४ जून १९९८

ती. बाबांस सा. न. वि. वि.

केपटाऊनला नकार कळवला. प्रोफेसरांचं उत्तर नाही. आरोग्य खात्यात जाऊन चिवुंगा मागितलं, तर साहेब पुस्तिका उलटवून म्हणाले, बाई, आरोग्य केंद्रात डॉक्टरची जागाच मंजूर नाही, तुम्हाला तिथे पगार कशाचा देऊ? म्हणून इथे, तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर आहे. कॉलेजला लिहिलं, शेवटच्या वर्षाच्या मुलांना एक महिना तरी आरोग्य केंद्रात पाठवा, शिकवायला माझे बाबा आहेत. अभ्यासक्रमात जागा नाही, असं उत्तर आलं. पुढच्या वर्षी पुन्हा लिहीन.

अंगणात मी पाच दिवस बसले होते. न्याकुम्वेंडा माझ्यासमोर मका सोलत होती. तेम्वाची चप्पल अजून दाराशीच होती.

निवृत्तीचं काय झालं? पत्र द्या. तुमच्याशिवाय मला कोण बोलणार?

लुसुंगू

चिवुंगा,
५ जुलै १९९८

चि. लुसुंगूस अनेक उत्तम आशीर्वाद.

निवृत्ती नाही. माझ्या जागी कोणी यायला तयार नाही, तेव्हा आणखी दोन वर्षं मीच. दोन्ही डोळ्यांनी दिसतं, पण सुई एडनाच भरते. आता सवय झाली.

काल न्याकुम्वेंडा धाकट्याला घेऊन आली. साधा खोकला होता. औषध दिलं तरी उठेना. पोराला पाठीवर बांधलं, सोडलं, पुन्हा बांधलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, योताम, तुझी मुलगी जेवते का?

मी म्हटलं, विचारून सांगतो. दर शनिवारी ती मीठ घ्यायला इकडे येते. त्याआधी कळव.

बाबा