आयकरांची मागणी

४ नोव्हेंबर, मंगळवार
डंपरचा टायर बसला, बोगद्यात दोन खेपा कमी. जम्मूकडं थंडी लई. सकाळी स्टेअरिंग धरवत नाही. इथं पाच महिने झाले. मुकादम रोज विचारतो, पळणार कधी. मी म्हणतो, बघू.
दुपारी मिरजगावहून आईचा फोन. आवाजच वेगळा.
"दत्ता, तुला मागणी आली."
"कुणाची?"
"आयकरांची. पोस्टानं आलीय. सेतूवाल्या सलीमभाईनं वाचून दावली."
आयकर कुठले म्हटलं. म्हणाली, नावावरून कोकणातले वाटतात. तिकडं पोस्टानं मागणी घालत असतील.
मला कर्जतची ऋतुजा पसंत आहे. बी.कॉम. झालीय, तिथंच एका हापिसात बसते. ऑक्टोबरात बघून आलो. तिच्या वडलांनी निरोप धाडला, पोरगं चांगलंय पण एका जागी टिकत न्हाई, चार वर्षांत सहा कामं. खरी सात आहेत. सातवं मी सांगितलं नाही.

६ नोव्हें.
सलीमभाईला फोन केला. हसून हसून ठसका लागला त्याला. "दत्ताभाऊ, आयकर म्हंजे इन्कम टॅक्स. पैसे मागितलेत. मी मागणी म्हनलो तर मावशी पेढं आनायला निघाल्या."
कागदाचा फोटो पाठवला त्यानं, अर्थ पण सांगितला. मी पुण्याच्या कंपनीत मॅनेजर. सलग तीन वर्षं. अकरा लाख पगार. कर जास्त कापला म्हणून परत मागितला, आणि मिळाला पण मला. आता म्हणतात सगळं खोटं दिसतंय, व्याजासकट भरा. तीस दिवसांत उत्तर द्या, नाहीतर खात्यातून घेऊ.
खात्यात माझे पाच महिने आहेत.
पुण्यात एकदाच गेलोय, ते पण एसटीत झोप लागली म्हणून.

७ नोव्हें.
आठवलं. केडगावचं गोडाऊन. दोन महिने होतो. तिथं एक जण टाय लावून यायचा. पीएफ काढून देतो म्हणाला. आधार, पॅन, झेरॉक्स, सह्या. माझ्या नावानं बँकेत खातं काढलं, कार्ड त्याच्याकडंच ठेवलं. परत मिळालेला कर तिथंच गेला असणार. मी गोडाऊन सोडलं तरी फोन करायचा, दत्ताशेठ, ओटीपी आला का. मी पण सांगायचो. शेठ म्हणणारा तेवढा एकच होता.

९ नोव्हें., रविवार
कागदावर आई ऐंशी टक्के अपंग. तिच्या उपचाराच्या नावाखाली सूट घेतलीय. आईला सांगितलं. मग म्हणाली,
"दोन म्हशींच्या धारा काढते, रानात जाते, वर तुझ्या बापाला संभाळते. हे सगळं वीस टक्क्यात?"
मागून आण्णा म्हणाले, मला कशाला मधी घेती.

१३ नोव्हें.
घात झाला. पाहुण्यांनी पगाराचा कागद मागितला होता म्हणून आण्णांनी कर्जतला नोटिशीची झेरॉक्स दिली.
"आण्णा, ती नोटीस हाय."
"शिक्का सरकारचा हाय का न्हाई? तीन वर्षं एका जाग्याला, आसं सरकार म्हनतंय. मी कोन खोटं म्हननारा?"
पाहुणे राजी. बोगदा वगैरे आम्ही चेष्टेनं सांगितलं असं त्यांना वाटतंय. २३ ला सुपारी फोडायची.
आई खूश. मी हो पण म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

१६ नोव्हें.
डोकं चालत नाही. आज डंपर रिकामाच परत आणला, भरायला विसरलो.
सलीमभाई म्हणतो, लिहून दे, हा मी नव्हे. दिलं की तीन वर्षं टिकलेला दत्ता जातो आणि सात कामं सोडलेला उरतो. नाही दिलं तर पैसे जातात आणि चोर मीच ठरतो. 
त्या दुसऱ्या दत्ताचा हेवा वाटतो. पगार चांगला, दम चांगला. बायको पण त्यालाच मिळायची.

१८ नोव्हें.
ऋ.चा फोन. स्वतःहून. पहिल्यांदाच. मी मेसच्या पायरीवर ताट घेऊन तसाच उभा राहिलो.
"तुमची नोटीस वाचली."
तेव्हा कळलं, ती बसते ते हापिस टॅक्सवाल्याचं आहे. आण्णांनी कागद बरोबर तिच्याच घरात नेऊन दिला.
"आई ऐंशी टक्के अपंग लिहिलंय. बघायला आलात तेव्हा आमचा बोकड सुटला होता. त्यांनीच पळत जाऊन धरला. तुम्ही चहा पीत होता."
मी म्हटलं, कप भरलेला होता.
"तिथं किती दिवस झाले?"
"साडेपाच महिने."
"मोजताय म्हणजे अवघड जातंय."
वडलांना सांगितलं का विचारलं. नाही म्हणाली. आधी उत्तर भरू, मग सायबरला तक्रार, मग बाबा. सगळे कागद तयार केलेत तिनं. कुणी सांगितलं होतं तिला?

२१ नोव्हें., शुक्रवार
जेवणाची सुट्टी. ऋ. फोनवर आहे, फॉर्म तिच्यासमोर.
"मागणीपुढं मान्य आणि अमान्य असं दोन्ही आहे. मी अमान्य केलंय."
कुठली मागणी, म्हटलं.
"आयकरांची. आता तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, तो सांगा."
हात थांबला. टायवाला पण असंच म्हणायचा. पण तो गोड बोलायचा. ही वैतागलेली आहे.
"आणि परवाची सुपारी?"
"हे गेलं की त्याची प्रिंट काढून बाबांना दाखवणार. ते काय म्हणतील माहीत नाही. ओटीपी आला का?"
आला. सहा आकडे. थोडाच वेळ चालतो म्हणे. मुकादम शिट्टी मारतोय.
"काय करताय?"
"लिहितोय."
"ते नंतर लिहा. आकडे सांगा."
पहिले तीन सांगितलेत.