गोठलेलं हेब्बाळ

१२ फेब्रुवारी १९९६, सोमवार
शारदा रावच्या प्रोजेक्टचं पहिलं प्रकरण आलं. विषय इथल्याच, शहराच्या कडेच्या हेब्बाळच्या तळ्याचं पाणी. हातानं लिहिलेलं, अक्षर इतकं सुंदर की तपासताना पेन्सिल टेकवायला संकोच. तिसऱ्या पानावर: हिवाळ्यात तळं गोठलं की बर्फाखालच्या पाण्यातला प्राणवायू कमी होत जातो.
दोनदा वाचलं. इथं दक्षिणेत दंवही कधी गोठत नाही. खिडकीबाहेर गुलाबी फुलांची झाडं, पान एक नाही. डोळ्यांपुढं मात्र पांढरं हेब्बाळ, त्यावर बगळे पाय उचलून उचलून चालताहेत, मागं बस थांबलीय, कंडक्टर खाली उतरून बघतोय.

१४ फेब्रु.
शा.ला बोलावलं. घाबरली नाही, हेच खटकलं.
"कुठून घेतलंस?"
"लायब्ररीतलं लाल पुस्तक, मिस. पूर्ण ताडून बघा, उतरवताना एक चूक सापडणार नाही."
"हेब्बाळ गोठतं?"
"मला पण तसंच वाटलं. पण पुस्तकात होतं. मी कोण बदलायला?"
तिचे आजोबा पोथ्या उतरवायचे. एक अक्षर बदललं तरी पाप, असं घरी शिकवलेलं. हिनं पाप टाळलं.

१५ फेब्रु.
विभागप्रमुख हसले. "मॅडम, पहिलं प्रकरण कोण वाचतो? सगळे असेच करतात. सही करून टाका."
२९ला सह्यांची शेवटची तारीख. माझी सही नाही तर शा. यंदा परीक्षेला नाही. आणि पुढच्या वर्षी तिचे वडील पाठवणार नाहीत. हुबळीचं स्थळ ठरल्यातच जमा आहे. हे तिनं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं.
तरी मी नाही म्हणाले. सही केली तर तळं गोठलं हे मीही म्हटल्यासारखं.
बसमध्ये डोळा लागला. मल्लेश्वरमचा माझा स्टॉप मागं राहिला.

१८ फेब्रु., रवि.
वि.प्र.नी फोन केला असावा. शा.च्या वडिलांचं बोलावणं. चिकपेट, कापडाच्या दुकानावर घर. खाली कापड फाडल्याचा आवाज, वर कॉफी. तीनशे वर्षं इथं असलेल्यांचं मराठी. सांगलीहून आलेली मी त्यांना परकी वाटत होते.
"या मिस, बसा. आमची पोरगी चोरी केली म्हणता?"
"चोरी म्हटलं नाही."
"मग काय म्हणता?"
तेच पुढं बोलत राहिले, रागात. "आमचे वडील जन्मभर उतरवले. शेवटी सगळं लिहायचे, कोणाची पोथी, कुठल्या मठातली, कोण उतरवला, कुठं बसून. लपवायचं काय असतं त्यात?"
मी म्हटलं, "तेच. तेवढंच मागतेय."
आतून शा.ची आई हसली.
जिन्यात शा. म्हणाली, "पुस्तकाचं नाव लिहिते. झालं काय?"
"आणि गोठण्याचं तुला खोटं वाटलं, तेही लिही."
"ते माझं मत झालं, अक्का. माझं कोण विचारतो?"
कॉलेजबाहेर मी अक्का. दुरुस्त केलं नाही.

२१ फेब्रु.
वर्गात हाच तास घेतला. दुसऱ्याचं वाक्य अवतरणात, त्याचं नाव शेजारी; आपण पाहिलेलं वेगळं. मागच्या बाकावरून: "मिस, सगळंच दुसऱ्याचं निघालं तर?" हशा. "तर अजून काम सुरू झालेलं नाही," म्हटलं.
शा. आली नव्हती.

२३ फेब्रु.
सकाळी हेब्बाळ. शा.नंच बोलावलं. धुकं इतकं की पाणी कुठं सुरू होतं ते कळेना. तिनं चपला काढल्या, आत गेली, बाटली बुडवली. वास, शेवाळ, कुठूनतरी कपडे आपटल्याचा आवाज.
"कोमट आहे, अक्का," ती म्हणाली. जणू कुणी तिला फसवलं होतं.
मीही हात घातला. बराच वेळ काढला नाही.

२९ फेब्रु.
नवं प्रकरण सकाळी आलं. आधीच्या निम्म्याहून लहान. अवतरणं, नावं, सगळं जागच्या जागी. शेवटी मथळा, 'मी पाहिलेले', आणि त्याखाली खोडरबरानं खरवडलेला कागद.
"एक वाक्य होतं, मिस. खोडलं."
"का?"
"पुस्तकासारखं वाटेना."
मी पान परत दिलं. ती माझ्या टेबलासमोर बसलीय, पेन हातात. मी हे लिहितेय म्हणजे तिच्याकडे बघायला नको.
वि.प्र.चा शिपाई दोनदा येऊन गेला. आता दारात उभा आहे. "मिस, सगळ्यांचे सहीचे कागद आले, तुमचाच राहिलाय."
"स्वल्प थांबा," मीही इथल्यांसारखं म्हटलं.
पंखा बंद केला. कागदावर पेन चालल्याचा आवाज येतो का, ऐकतेय.