बाबांच्या टाकीतलं पहिलं प्रवाळ

ती. दादा यांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकताना कंबर धरली, तरी नमस्कार पुरा झाला असं समजावं.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनींचा खोकला गेला का? आमच्याकडे सगळे मजेत. आई तर इतकी मजेत आहे की तेच कळवायला हे पत्र लिहायला घेतलं.

बाबांच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची माशांची टाकी तुला आठवत असेल. तिच्यात एक तरी प्रवाळ लावायचं, असं ते बारा वर्षं म्हणत राहिले आणि पाणी अजून मुरलं नाही म्हणून पुढे ढकलत राहिले. ते गेल्यावर वाटलं, आईचं मन रमेल, म्हणून मी एक मऊ प्रवाळ आणलं. दुकानदाराच्या भाषेत सॉफ्ट कोरल. मुठीएवढ्या दगडावर फिकट गुलाबी देठ, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला आठ बोटांचा इवलासा पंजा. हे पंजे दिवसभर उघडतात आणि मिटतात. हे झाड नाही, प्राणी आहे, पण त्याला मेंदू नाही, असं दुकानदाराने दोनदा बजावलं. तेव्हा मी हसलो होतो.

नव्या प्रवाळाला आपल्या पाण्याची सवय थेंबाथेंबाने लावायची असते. त्यासाठी बारीक नळी हवी. ती मी बाजारभर शोधत हिंडलो, आणि आईने कपाटातून बाबांच्या सलाईनची शिल्लक नळी काढून दिली. इथेच माझं चुकलं. टाकीच्या पाण्याची बाटली कुठे टांगायची हे विचारावंही लागलं नाही, सलाईनचा खिळा तसाच होता. खाली स्टुलावर भांडं, भांड्यात प्रवाळ, आणि शेजारी आई तिच्या त्याच खुर्चीत. मी दारातून पाहिलं आणि का कोण जाणे, पावलं न वाजवता आत गेलो.

टाकीत सोडल्यावर चार दिवस ते मिटून बसलं होतं, उकडून गार झालेल्या फ्लॉवरसारखं. पाचव्या दिवशी सकाळी आईचा आवाज आला, "एक... दोन... शाबास." तुला माहीत नसेल (तुला त्या वर्षी यायला जमलं नाही, त्याबद्दल कुणी काही म्हणत नाही), पण बाबांचा हात लुळा पडल्यावर व्यायाम शिकवायला एक बाई यायच्या. मूठ उघडायची, मिटायची, पंचवीस वेळा. बाबा बावीसला थांबायचे. आई म्हणायची, अजून तीन. मग ते कपाळाला आठ्या घालून तीन करायचे.

तर दादा, हे प्रवाळही बावीसला थांबतं. मी चष्म्याच्या काचा घासून पोट भरणारा माणूस. आधी नंबर काढायचा, मग विश्वास ठेवायचा, हा माझा धंदा. मी पंप बंद केला, पाणी हलायचं थांबलं, आणि मनातल्या मनात मोजायला लागलो. बावीसला सगळे पंजे एकदम थांबले. थांबलेलेच राहिले. मासेसुद्धा एका कोपऱ्यात गोळा झाले होते. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अरे, अजून तीन म्हण ना त्यांना." मी पंपाचं बटण चाचपत राहिलो. शेवटी तीच तिथून म्हणाली, आणि पंजे तीनदा उघडले. मी पंप चालू केला आणि माझ्या दुकानात गेलो.

प्रवाळवाल्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ही उघडतात-मिटतात खरी, का ते आम्ही विचारत नाही. आई आता त्या खोलीतच जेवते. फिरायला चल म्हटलं तर म्हणते, यांचा व्यायाम व्हायचाय. गाल भरलेत तिचे, मोकळं हसते, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते.

तुझा,
धाकटा

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. तू थोरला आहेस, तुझं ती ऐकेल. फोन करून तिला समजाव की तो बिनमेंदूचा प्राणी आहे, टाकी काढून टाकू, आणि तिने काही महिने तुझ्याकडे राहायला यावं.

ता. क. दुसरा. फोन करू नकोस. पाकीट बंद करण्याआधी आईने पत्र वाचलं (चष्मा मीच करून दिलाय, दोष कुणाला देणार). ती रागावली नाही. म्हणाली, थोरल्याला तेव्हा जमलं नाही, ते त्याच्या मनाला लागून राहिलंय. मग कात्रीने एक देठ कापून तिने छोट्या दगडावर बसवला. तो तुझा. टाकी आजच घे. खारं पाणी मुरायला दीड-दोन महिने लागतात, तोवर मी सांभाळतो. आणि सुरुवातीला दहापर्यंतच मोज. त्याच्यावर नेलं की बाबा दमतात.