पाण्यासंगं चालणारी अक्का

प्रिय अक्के,

उद्या सकाळी तलावाचं दार उचलायचं आहे. यंदा पाण्याचं हे एवढंच आवर्तन. पुढचं मिळेल असं तलावाकडे बघून वाटत नाही. आणि तलावातून निघणाऱ्या चारीच्या तोंडाशी ज्यांची रानं आहेत ते हेडवाले आजपासूनच म्हणायला लागलेत, "अक्काचा नियम अक्कासंगं गेला." तुला जाऊन अजून वर्षही झालं नाही गं! म्हणून हे पत्र. पत्ता नसलेल्या माणसाला पत्र लिहिणारा चेअरमन आपल्या पाणी सोसायटीला पहिल्यांदाच लाभला असेल.

तुझा पत्ता मला धड कधी लिहिता आला म्हणा! तू जिथं राजदूत होतीस त्या देशांची नावं घेताना माझी जीभ अडखळायची आणि तू फोनवर हसत सुटायचीस.

लहानपणीचा तो दुष्काळ आठवतो? आई-दादा खडी फोडायला गेलेले, आपण टँकरची वाट बघत फाट्यावर. टँकर कोरड्या विहिरीत पाणी ओतायचा आणि ज्याची घागर आधी काठाला, त्यानं आधी शेंदायचं. धुरळा दिसला की तू परकर खोचून अनवाणी सुटायचीस. पोरं, बायका, बाप्ये, सगळे मागे! आणि एवढं पळून काठावर पहिली घागर कुणाची ठेवायचीस? गल्लीच्या शेवटच्या घरातल्या, पायानं अधू असलेल्या काशीमावशीची!

"कावून गं? आपली घागर कुठं हाय?" कामावरून परतताना विहिरीवर आलेली आई कपाळाला हात लावायची.

"हाय की, मावशीच्या मागं."

"पळालीस तू आन् पानी तिला?"

"तिला पळता येत न्हाई, म्हनून तर मी पळाले."

मग आईच पदर खोचून दोर धरायची, आधी मावशीची घागर भरायला.

त्याच विहिरीवर शाळेच्या सरांनी तुला पळताना पाहिलं. मग जिल्हा, राज्य, देश. रेडिओवर तुझं नाव आलं तेव्हा दादांनी रेडिओपुढेच नारळ फोडला होता. पाय साथ देईनात तेव्हा आम्ही रडलो, तू मात्र वकिलीची पुस्तकं आणलीस. बीडच्या कोर्टात आष्टीकडचे पक्षकार "पळनाऱ्या वकीलबाई कुठं बसतात?" असं विचारत यायचे. तिथून दिल्लीला परराष्ट्र खात्यात कायद्याचं काम, आणि मग राजदूत! एका नदीवरून भांडणाऱ्या दोन देशांच्या मध्ये तुला बसवलं होतं, हे मला पेपरातून कळलं. सख्ख्या भावाला सांगायचं नाही का गं?

पण मी खरा थक्क झालो तो तू सुट्टीवर आली होतीस त्या वर्षी. मारुतीच्या पारावर सोसायटीची बैठक होती. हेडचे रंगनाथआबा म्हणाले, "पानी आमच्या बांधावरनं जातंय. आमचं भिजल्याबिगर खाली कसं सोडायचं?" चारीच्या शेवटाला रानं असलेली टेलची माणसं खाली मान घालून बसलेली. आपलंही रान हेडलाच, त्यामुळे तू आमची बाजू मांडशील म्हणून मी ऐटीत होतो. आणि तू म्हणालीस, "आधी टेल भिजंल. मग खालून वर येत येत हेड."

आबा हसले. "करा की ठराव. चारी फोडनारा ठराव वाचत न्हाई, बाई."

तू वाद घातला नाहीस. दुसऱ्या दिवशी दार उचललं तशी तू चपला काढल्यास, पदर खोचलास आणि चारीच्या काठावर उभी राहिलीस. "मी पान्यासंगं जाते," म्हणालीस. पिकल्या केसांची राजदूत!

सवयीनं तू पळतच सुटलीस. मागे वळून बघतेस तर पाणी कुठल्या कुठे राहिलेलं! भेगाळलेली चारी ते पिऊन टाकत होती. काडीकचरा पुढे ढकलत ते कसंबसं सरकत होतं. तू परत आलीस. "किती सावकाश गं बाई हे! याच्यासंगं चालायची सवय न्हाई मला."

मग दिवसभर चाललीस. रानात पाणी वळवायच्या दर दाराशी कुणीतरी खोरं घेऊन उभा. तू प्रत्येकाशी थांबून त्याच्या लेकीसुनांची चौकशी करायचीस आणि पाणी पुढे निघून जायचं. तुझ्यादेखत दार उघडायचं धाडस कोण करणार? आबाही होते. "आबा, चला की संगं, एकटीला करमंना," म्हणालीस, आणि आबा खोरं खांद्यावर टाकून खरंच निघाले!

दिवेलागणीला पाणी टेलला, काशीमावशीच्या रानात पोचलं. मावशी केव्हाच गेली होती. तिच्या सुनेनं पाण्याला हळदकुंकू वाहिलं आणि ओंजळभर पाणी तुझ्या धुळीनं भरलेल्या पायांवर सोडलं. तुझी पदकं मी पाहिली होती, परदेशातले फोटो पाहिले होते. पण अंगावर काटा आला तो तेव्हा. ही माझी बहीण आहे, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

निवृत्तीनंतर पुण्याला राहिलीस, तरी एक आवर्तन चुकवलं नाहीस. आणि एका पहाटे झोपेतच निघून गेलीस. पुढे पळायची तुझी खोडच!

काल आबांचा मुलगा म्हणाला, "चेअरमन, तुमचं रान बी हेडलाच हाय. तुमच्या बी फायद्याचंच बोलतोय." खोटं कशाला बोलू, अक्के? माझी लिंबाची बाग सुकत चाललीय. पोटच्या लेकरासारखी वाढवलेली झाडं पानं टाकताना बघून जीव तुटतो. पाणी टेलला पोचून हेडपर्यंत भिजवत येईतो तलाव उरेल का, कोण जाणे. तू नियम करून गेलीस, निस्तरायचं मात्र आम्ही!

तरी उद्या मी चपला काढून चारीच्या काठावर उभा राहणार आहे. गुडघे कुरकुरतात, पण पाणीही सावकाशच चालतं, तूच दाखवलंस. आबांच्या मुलालाही हाक मारीन, येईल तर येईल. माझ्या बागेपुढून जाताना मान वळणार नाही, असं वचन देत नाही. मान वळेल, पायही थांबतील. पण बागेचं दार उघडणार नाही, हे नक्की. मावशीच्या सुनेला निरोप धाडलाय, संध्याकाळी बांधावर हळदकुंकू घेऊन उभी राहा म्हणून.

जन्मभर तुझ्या मागे राहिलेला, तुझा भाऊ,
बापू