कोरलेला माल परत घेत नाही

ता. ४ मार्च

चि. धाकटोबास,
अ. आ. वि. वि.

पार्सल वेगळं पाठवलं आहे. खोका उघडण्याआधी हे पत्र पूर्ण वाच. तू नेहमी आधी उघडतोस आणि मग विचारत बसतोस.

आत तुझ्या भावोजींचा कॅमेरा आहे. चामड्याची पिशवी, पट्टा, भिंगाचं झाकण, सगळं जागच्या जागी आहे. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. तेव्हापासून मी तो फक्त पुसून ठेवते, आणि नुसतं पुसून ठेवण्यासाठी वस्तू बाळगणं मला पटत नाही. फिल्मवर चालणारे जुने कॅमेरे हल्ली शौकीन लोक कपाटात ठेवायला चांगल्या भावानं घेतात, असं तूच मागे लिहिलं होतंस. कपाटात तर तो माझ्याकडेही होता, मला कोणी छदाम दिला नाही. तुझं दुकानच जुन्या कॅमेऱ्यांचं आहे, तेव्हा तू बघ.

विकायचं कारणही सांगते, म्हणजे तर्क करत बसणार नाहीस. कान आणखी गेले. डॉक्टरीणबाईंनी दोन यंत्रं दाखवली. साध्या यंत्रानं समोर बसलेल्या माणसाचं बोलणं कळेल. महागड्या यंत्रानं फोनवरचंही कळेल. मला महागडं हवं आहे. दारावरच्या दूधवाल्याशी बोलायला मला यंत्र लागत नाही, तो हातवारे उत्तम करतो. तुझा आवाज मात्र ऐकून फार दिवस झाले. पेन्शनीत ते यंत्र बसत नाही, कॅमेऱ्यात बसावं असा माझा अंदाज आहे.

खोकला कसा आहे? औषध घेतोस की बाटली नुसती खिडकीत उभी आहे?

लोभ आहे तेवढा पुरे, घसरू देऊ नकोस.

तुझी,
ताई


ता. १३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र आधी वाचलं. अगदी खरं सांगायचं तर निम्मं वाचलं आणि खोका उघडला.

कॅमेरा पाहून जीव सुखावला. खटका अजून असा पडतो की ऐकत राहावं. भिंगात बुरशी नाही, खटक्यामागचा पडदा शाबूत आहे. भावोजींचा हात हलका होता. इतका नीट राहिलेला कॅमेरा माझ्या टेबलावर बऱ्याच दिवसांत आला नव्हता. मी मनात तुझं महागडं यंत्र घेऊनही टाकलं, आणि मग तो उजेडात धरला.

ताई, वरच्या पट्टीवर, खटक्याच्या शेजारी, ‘खारूबाईस’ असं कोरलेलं आहे. नीट, खोल, वळणदार अक्षरात. आमच्या धंद्यात ही मोठी अडचण आहे. नाव कोरलेला कॅमेरा म्हणजे गिऱ्हाइकाच्या लेखी दुसऱ्याचा उष्टा. कोणी नामांकित माणूस असता तर त्याच नावानं भाव चढला असता. अनोळखी नावानं तो निम्म्यावर येतो. घासून काढावं म्हटलं तर आणखी वाईट, कारण वरचा मुलामा जातो, खालचं पितळ दिसतं आणि लोकांना चोरीचा माल वाटतो. घासलेल्याला सगळ्यात कमी पैसे मिळतात.

आणि आता धंदा बाजूला ठेवून विचारतो, ही खारूबाई कोण? भावोजी असले उद्योग करणाऱ्यांतले वाटले नव्हते. माझी ताई, जिच्या प्रयोगशाळेत पोरं श्वाससुद्धा मोजून घ्यायची, तिला खारूबाई म्हणायची कोणाची छाती नाही. म्हणून विचारतो.

खोकला बरा आहे. बाटली खिडकीतच आहे, पण निम्मी झाली आहे.

रागाबरोबर मायाही असू दे.

तुझा,
धाकटोबा


ता. २० मार्च

चि. धाकटोबास,
अ. आ. वि. वि.

खारूबाई मीच. यापुढे चौकशी नको.

निम्मा तर निम्मा, जो देईल त्याला दे. महागडं यंत्र त्यात येत नाही हे मला गणित येत असल्यामुळे कळलं. घाई नको, पण रेंगाळूही नकोस.

इकडे विशेष काही नाही. दुपारी वाचते. संध्याकाळी जिन्यापर्यंत जाऊन येते. काल शेजारीणबाई दार वाजवून वाजवून परत गेल्या आणि मी आत होते. आज भेटल्या तेव्हा गाल फुगवून होत्या. त्यांना वाटलं, मी मुद्दाम उघडलं नाही. समजावून सांगायला गेले तर बहुधा मीच ओरडून बोलले, कारण जिन्यातला माणूस थांबून बघायला लागला.

बाटली संपव.

आहेस तसाच आपला राहा.

तुझी,
ताई


ता. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चौकशी नको म्हणालीस, पण आता ती दुसऱ्यानंच केली आहे.

माझं एक जुनं गिऱ्हाईक आहे, दाताचे डॉक्टर. कॅमेरे जमवतात. परवा आले, तुझा कॅमेरा उचलला आणि दाढेत बघावं तसे खिशातला छोटा टॉर्च लावून बघत बसले. नाव वाचलं आणि मला वाटलं आता भाव पाडणार. तर ते म्हणाले, त्यांना असेच हवेत. त्यांच्याकडे एक वेगळं कपाट आहे, त्यात फक्त नाव कोरलेले कॅमेरे ठेवतात. प्रत्येकाशेजारी एक कार्ड आणि त्यावर त्या नावाची हकिगत. रविवारी मित्रमंडळी जमतात, कार्डं वाचतात. हकिगत नसलेला कॅमेरा म्हणजे मुका, असं त्यांचं म्हणणं. तशा कॅमेऱ्याचे ते निम्मेच पैसे देतात, आणि पाहुण्यांना हकिगत ओळखायला लावतात.

पण खारूबाई कोण, हे नाव का पडलं, एवढं अर्धं पान घरच्या माणसाच्या हातचं मिळालं आणि जोडीला तिचा एखादा फोटो, तर ते पुऱ्या भावाच्याही वर जायला तयार आहेत. ताई, त्या रकमेत तुझं महागडं यंत्र येतं आणि वर पाव रक्कम शिल्लक राहते. अर्ध्या पानाचे इतके पैसे कुठल्या लेखकाला मिळाले नसतील.

तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून जपून लिहितो. मी काही सांगू शकत नाही, मला माहीतच नाही. तू सांगू शकतेस. फोनचं टेबल मी पलंगाजवळ ओढून घेतलं आहे. रविवारी दुकान बंद असतं आणि तो दिवस फार लांब होतो. तू ऐकू लागलीस की मी रविवारी फोन करीन, तू मला रागवशील, मी ऐकून घेईन. त्या अर्ध्या पानाचा विचार कर.

कान धरला तरी चालेल, हात सोडू नकोस.

तुझा,
धाकटोबा


ता. ११ एप्रिल

चि. धाकटोबास,
अ. आ. वि. वि.

अर्धं पान लिहायला बसले होते. काय झालं ते सांगते. मध्ये थांबून हसू नकोस.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा ह्यांनी एक कॅमेरा आणला. घरात धड पाट्या-वरवंट्याचा पत्ता नव्हता. मी पावती मागितली, दुकानात गेले आणि परत करून आले. हे बाहेर रस्त्यावर उभे राहिले, आत यायची त्यांना लाज वाटली.

पुढे काही वर्षांनी हा आणला, तोवर हे शहाणे झाले होते. दुकानातून निघाले ते थेट घड्याळजीकडे गेले, माझं नाव कोरून घेतलं आणि मगच घरी आले. मी पावती मागितली. ह्यांनी निमूट काढून दिली. मी तरातरा दुकानात गेले. दुकानदारानं नावावरून बोट फिरवलं आणि कोरलेला माल परत घेत नाही असं म्हणाला. परत आले तर हे गॅलरीत उभे, चेहरा अगदी साळसूद. तेव्हा नावानं भाव उतरतो हे तू मला शिकवू नकोस. भाव उतरावा म्हणूनच ते कोरलं होतं, मला कधी विकता येऊ नये म्हणून.

खारूबाई का, तर प्रयोगशाळेतून आले की मी भुकेनं कासावीस असायची. कोणी बघू नये म्हणून स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची आणि दोन्ही हातांत धरून शेंगदाणे खायची. ते बघणारं घरात एकच माणूस होतं. फोटो काढताना हे हसा वगैरे म्हणायचे नाहीत. हळूच ते नाव घ्यायचे. मी दटावायला तोंड उघडून वर बघायची आणि तेवढ्यात खटका पडायचा. अल्बम उघड, मी प्रत्येक पानावर रागावलेली आहे. चारचौघांत मात्र ते नाव त्यांनी कधी घेतलं नाही. तू इतका घरचा, तुलाही ठाऊक नव्हतं.

हे सगळं त्या डॉक्टरांसाठी स्वच्छ अक्षरात लिहिलं. मग चुका बघायला मोठ्यानं वाचलं, ती माझी जुनी सवय. स्वतःचा आवाज बहिऱ्यालाही आतून ऐकू येतो. नावापाशी आले आणि थांबले. धाकटोबा, ते नाव मी जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. स्वतःला कोण हाक मारतं? पुन्हा म्हणून पाहिलं. बरणीवरची चिठ्ठी वाचल्यासारखं झालं. मी स्वतः घेतलं तरी ते असं कोरडं लागतं, मग रविवारच्या पाहुण्यांच्या तोंडी त्याचं काय होईल? आणि हकिगत नाही दिली तरी ते नाव वाचतीलच, अंदाज बांधतील, हसतील.

तो कागद फाडला. तुला सांगितलं कारण तू विचारलंस, आणि विचारणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

नाव घासून टाक. दुसऱ्या कोणाकडे देऊ नकोस, तुझ्या हातानं घास. मग मिळेल त्या भावाला वीक. कॅमेरा परत पाठवू का, असं लिहू नकोस. परत आला तर रोज पुसताना ते नाव वाचेन, सवयीनं वर बघेन, आणि समोर भिंत असेल. साधं यंत्र त्यातून येईल. रविवारच्या फोनचं राहिलं, ते मला कळतं.

रागावला असशील तर तसं लिही, गप्प बसू नकोस.

तुझी,
ताई


ता. २६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो नाही. दोन दिवस दुकान उघडावंसं वाटलं नाही, इतकंच.

मग एका दुपारी दार लोटून घेतलं आणि घासायला बसलो. तुमच्या त्या घड्याळजीनं फार मनापासून काम केलं होतं. घासायचे कागद बदलत राहिलो, बोटं काळी झाली, अक्षरं काही हटेनात. फोटो काढून ठेवावा असं एकदा मनात आलं. नाही काढला. शेवटी पितळ दिसलं आणि नुसती एक गुळगुळीत खळगी उरली.

दाताचे डॉक्टर आले, ती खळगी नखानं चाचपली आणि कपाळाला हात लावला. चांगला दात उपटलास, म्हणाले. काय लिहिलं होतं ते त्यांना आठवत होतं, पण कपाटात ठेवायला आता काही नव्हतं, तेव्हा घेणार नाही म्हणाले. मग एक फोटो शिकणारी मुलगी आली. तिला कपाट वगैरे माहीत नाही, फोटो काढायला हवा होता. खळगी बघून तिनं विचारलं, पडला होता का. मी नाही म्हटलं, आणि तिनं पुढे विचारलं नाही. तिला परवडेल तेवढ्यात दिला. पैसे सोबत पाठवले आहेत.

वरची भर मी घालतो, असं लिहिणार होतो. तू ती परत पाठवशील आणि दोन पानं सुनावशील, म्हणून लिहीत नाही.

फोनचं टेबल पुन्हा भिंतीपाशी सरकवलं. येता-जाता पाय अडखळत होता.

तुझ्या धाकापेक्षा तुझी माया मोठी, ती राहू दे.

तुझा,
धाकटोबा


ता. ९ मे

चि. धाकटोबास,
अ. आ. वि. वि.

पैसे पोचले. साधं यंत्र घेतलं.

पहिल्या दिवशी ते लावून घरात बसले. घर इतके आवाज करतं हे मी विसरले होते. नळ ठिबकतो. पंखा कुरकुरतो. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची ओढतं, माझीच चप्पल माझ्या मागे फटफट करत येते. संध्याकाळपर्यंत सगळं ऐकून झालं. माणसाचा आवाज तेवढा आला नाही. शेजारीणबाईंकडे स्वतः गेले, त्यांनी बसायला सांगितलं, ते नीट कळलं. बसले थोडा वेळ.

फोनही लावून पाहिला, तुझ्या दुकानातच. तू कोण म्हणून विचारलं असशील. मला नुसती खरखर आली, म्हणून ठेवला. कोणीतरी त्रास देतंय असं समजून चिडला असशील तर ती मी होते.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे की माणूस हाताच्या अंतरावर बसलेला हवा आणि तोंड माझ्याकडे हवं. तेव्हा आता दुसरा इलाज नाही. दुकानाला कुलूप लाव आणि ये. सवड काढून येतो, सीझन संपला की येतो, असलं काही लिहू नकोस. मी आजवर कोणाला ये म्हटलेलं नाही, त्यामुळे आग्रह कसा करतात मला माहीत नाही. पलीकडची खोली झाडली आहे.

खोकत आलास तरी चालेल, मला ऐकू येईल.

वाट बघते.

ताई