मनकर्णा जंक्शनचा छर्रा

सावेडी, अहमदनगर
९ जानेवारी १९७२

प्रिय रंगू,

काल दुपारी गनीभाई बाईंडर घरी आले आणि तुझा नवा नकाशा माझ्या हातात पडला, म्हणून हे पत्र लिहिते आहे. या घरातून तुला पत्र जाणार नाही आणि तुझं इथे येणार नाही, हे अकरा वर्षांपूर्वी मीच सांगितलं होतं. ते मी विसरलेले नाही.

आधी बातमी. दिवाळीनंतर नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलतात, पण शब्द लागत नाहीत. सतरा दिवस दवाखान्यात होते, आता घरी आहेत. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात. तुला कळवायला हवं होतं. कळवलं नाही.

नाना अडीच महिने दुकानाकडे फिरकले नाहीत म्हणून गनीभाई चौकशीला आले होते. त्यांनी एक गुंडाळी नानांच्या उशाशी ठेवली. कसला कागद, मी विचारलं. त्यांना वाटलं, मला सगळं ठाऊक आहे. म्हणाले, "रंगूताईचा नकाशा, बाई. अकरावा हाय हा." मी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं तुम्ही माझ्यामागे चोरून पत्रं आणत होतात, असं मी त्यांना चांगलं खडसावलं. तर उलट मलाच म्हणतात, "पत्र एक बी न्हाई आनलं. मास्तरांनी तुमाला शब्द दिल्ता. आमी निस्ते नकाशे आनले, खळ लावून मांजरपाटावर चिकटवले, बस." दारात चपला घालताना पुन्हा वळले. "लई वर्षं झाली बाई, गाडी तुमच्याच टेशनात उभी हाय."

मला काही उमगेना. नानांच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्यात पेन्शनचे कागद आहेत असं मी समजत होते.

खेळाचा मूळ पट तुला आठवत असेलच. वांबोरीला नाना स्टेशनमास्तर असताना तुला गोवर निघाला, तेव्हा त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर दौंड-मनमाड लाईन काढली. इंजिनं म्हणून कोटाची बटणं, फासे म्हणून फोडलेले चिंचोके. पूल बांधायचा तर ज्वारीचे दाणे मोजायचे. आणि लाईन क्लिअरचा गोळा हातात मिळाल्याशिवाय स्टेशनातून गाडी हलवायची नाही, कारण लाईन एकेरी, समोरून दुसरी गाडी यायची. गोळा म्हणजे सायकलचा छर्रा. सोनईला गाडी जात नाही म्हणून तू भोकाड पसरलंस, तर नानांनी पेन्सिलीने तिथवर रूळ टाकून दिले. मी सकाळच्या गाडीने नगरला शिकवायला जायची, संध्याकाळी परत येऊन तुम्हा दोघांना ओरडायची की अभ्यासाचा वेळ खेळात जातो.

पेटीत त्या पटाला जोडायचे दहा नकाशे निघाले. मनमाडपासून भुसावळ, भुसावळपासून खांडवा. काही नानांच्या हातचे, काही तुझ्या. मागे फक्त चाली: 'निळं बटण, तीन घरं.' ख्यालीखुशालीचा एक शब्द नाही. शब्द पाळला होता खरा. मग मी नकाशे नीट वाचायला घेतले. १९६४ च्या नकाशात खांडव्याजवळ 'सूतिकागृह' नावाचं स्टेशन आहे. खाली नियम, 'येथे गाडीला एक डबा वाढतो.' १९६७ च्या नकाशात बोगदा आहे. नाव 'बी. ए.' पहिल्या खेपेला गाडी आत अडकली, दुसऱ्या खेपेला पार, सेकंड क्लास. राहिलेली परीक्षा तू दिलीस? लेकरू सांभाळून? परीक्षा टाकून गोरक्षशी लग्न केलंस म्हणून मी तुझं तोंड बघणार नव्हते, आणि तो कागद चार वर्षं माझ्याच घरात पलंगाखाली होता. मी रोज त्याच्याभोवतीचा केर काढत होते.

त्यानंतरच्या नकाशात तू आपल्या जुन्याच लाईनवर एक नवं स्टेशन घातलं आहेस: विळदच्या पुढे, नगरच्या अलीकडे 'मनकर्णा जंक्शन'. माझ्या नावाचं. खाली तुझं अक्षर: 'इथला गोळा स्टेशनमास्तरीणबाईंकडे. दुसऱ्या कोणी द्यायचा नाही.' तुझं लाल बटण तिथे १९६८ पासून उभं आहे. हलू नये म्हणून नानांनी ते दोऱ्याने टाचून ठेवलं आहे.

मी नानांना विचारलं, कुठला गोळा? माझ्याकडे कुठे आहे? त्यांनी डाव्या हाताने माझ्या शिवणाच्या डब्याकडे बोट केलं. त्या डब्यात सुया-दोऱ्यांत एक छर्रा कधीचा लोळतो आहे. दोनदा मी तो फेकायला काढला होता. दोन्ही वेळा नाना म्हणाले होते, असू दे. शाळेत तीस वर्षं मुलींना 'का' विचारलं. घरात विचारलं नाही.

सगळ्यात शेवटी कालची गुंडाळी उघडली. कोपऱ्यात तिसरंच अक्षर. रुळावर एक शेळी काढली आहे आणि लिहिलं आहे, 'शेळी आहे. हाकला. छबू, वय सात.' माझ्या नातीचं नाव मला शेळीखाली वाचायला मिळालं. नानांना दाखवलं तर अर्ध्या तोंडाने हसले. मला हसता आलं नाही.

मला माफी मागता येत नाही, आणि इतक्या उशिरा ती पुरणारही नाही. पण नियम तुझा आहे, गोळा दुसऱ्या कोणी द्यायचा नाही, आणि नानांनी तो माझ्याकडे काही न मागता पाळला. आता तो मोडायचा म्हटलं तरी त्यांच्या हाताला बळ नाही. म्हणून ही चाल मी करते आहे. गनीभाई उद्या खांडव्याला त्यांच्या बहिणीकडे, इमामबीकडे, निघाले आहेत. त्यांच्याबरोबरच पाठवते. तिघंही या. गोरक्षला रजा मिळत नसेल तर तुम्ही दोघी आधी निघा. शेळी मी हाकलली आहे, असं छबूला सांग.

तुझीच,
आई

ता. १० जानेवारी, सकाळी ८ वाजून २० मिनिटं. गनीभाई बाईंडर यांच्या हाती दिलं: हे पत्र एक. लाल बटण एक, दोरा उसवून. लाईन क्लिअरचा गोळा एक. मनकर्णा जंक्शन ते नगर लाईन मोकळी.
देणार: मनकर्णा. साक्षीदार: नाना, डाव्या हाताची सही.