वेणीची बारा मिनिटं

३ जुलै
सकाळची ड्युटी लागली. खामगाव–जळगाव जामोद, सहा चाळीसची गाडी, मी कंडक्टर. घरी आम्ही दोघीच, मी न् गौरी. हे पुण्याले कंपनीत, येतात ते दिवाळीले. कणीक रात्रीच भिजवून फ्रीजात, भाजी चिरून डब्यात, तिचा ड्रेस रविवारीच इस्त्री करून. तरी वेळ पुरत नाही. आज डेपोत पळतच गेली.

५ जुलै
वेळ कुठं जाते ते पाहिलं. गौरीच्या दोन वेण्या. सातवीत आहे, शाळेचा नियम, लाल रिबिनी. केस कमरेपर्यंत. बारा मिनिटं! त्यात तिची टकळी चालू. कोणाची कोणाशी कट्टी, बाई काय बोलल्या, पोटात कुठं दुखते. मी हूं हूं करते. डोळा घड्याळाकडं.

६ जुलै, रविवार
पार्लरात नेऊन गौरीचे केस कापून आणले. आधी विचारलं होतं तिले.
"तुले बरं पडन का, आई?"
"हाव. लय बरं पडन."
"मंग काप."
रडली नाही. कापलेली वेणी कागदात गुंडाळून घरी आणली तिनं.

१० जुलै
आज चहा बसून पेली. कितीक दिवसांनी. डेपोतल्या बायांना सगळं सांगितलं, कणीक, भाजी, केस. "हुशार आहेस बापा तू," म्हणे. मलेही तसंच वाटलं.

२ ऑगस्ट
गौरी गप्प गप्प राहते. आपलं आपलं आवरते, डबा घेते, निघते. शाळेत काही झालं का? "काही नाही." मोठी होऊन राह्यली, म्हटलं. मले उशीर होत होता.

१९ सप्टेंबर
ड्युटीवरून आली तर शेजारच्या लीलाकाकूंनी दारातच थांबवलं. गौरीले पाळी आली म्हणे, मागच्या आठवड्यात मंगळवारी. पहिलीच. शाळेतून तशीच त्यांच्याकडं गेली. त्यांनी सगळं समजावलं, पॅड दिले, डोक्याले तेल लावून दिलं.
"तुले सांगितलं असन ना तिनं?"
"हो, सांगितलं," मी म्हटलं. खोटं.
दहा दिवस झाले. एका पलंगावर झोपतो आम्ही.

२० सप्टें.
विचारलं. "मले काऊन नाही सांगितलं बाई?"
"कवा सांगू?"
एवढंच. रागात नाही म्हटलं. रागात म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मीही भांडली असती.

२३ सप्टें.
गाडीत एक बाई पोरीची वेणी घालून देत होती, जळगाव जामोदपर्यंत. पोरगी बडबड करत होती. मी तिकीट द्यायचं सोडून पाहतच राह्यली. ड्रायव्हरनं हाक मारली तवा भानावर आली.
माझी पोरगी वेणीले पाठ करून बसली की बोलायची. तोंडाकडं पाहून तिले बोलता येत नाही, बापासारखीच आहे. माझं हूं तिले पुरत होतं. तेवढीच जागा होती तिची, न् मी तीच कापून आली. काय मिळवलं मी? चहा.

६ ऑक्टोबर
अलार्म बारा मिनिटं आधी लावला. फणी-तेल घेऊन बसली, ये म्हटलं. आली, बसली. केस मानेशी आलेत, गुंता कुठून असणार. दोन मिनिटांत झालं. तरी फणी फिरवत राह्यली मी. बोलन, आता बोलन.
"जा आई, गाडी चुकन तुझी."
माझ्या हातातून फणी घेतली न् जागेवर ठेवून दिली. अलार्म मात्र तसाच राहू दिला मी.

९ ऑक्टो.
संध्याकाळी पोळ्या झाल्या. गौरी लीलाकाकूंकडं. मधल्या भिंतीतून तिची टकळी ऐकू येत होती, तीच जुनी, न थांबता. मधेच हसली. शब्द समजत नव्हते. जेवाले हाक मारणार होती मी, नाही मारली. ताटं वाढून भिंतीशी बसली.